चौथा बोल्ट

१

नगरच्या केडगावात पुणे रस्त्याला लागून सूर्यभान ठुबेचं गॅरेज आहे. बाहेर पाटी नाही. ज्यांच्या दारात पन्नास-साठ वर्षांच्या मोटारी उभ्या आहेत, त्यांना पत्ता सांगावा लागत नाही. बाकीच्यांचं तिथं काही काम नसतं.

सकाळी नऊला शटर वर जायचं. मग सूर्यभान गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचा आणि पंधरा मिनिटं नुसता वर बघत उभा राहायचा. गंज कुठून निघाला आणि कुठवर पोचला हे कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, ही त्याची शिस्त. त्याच्या लेखी गंज तीन जातींचा. एक पिठासारखा, तो तारेच्या ब्रशानं जातो. दुसरा पापडासारखा, त्याचे पापुद्रे निघतात. तिसरा वरून दिसत नाही, आतून खातो, आणि एक दिवस बोट लावलं की बोट आरपार जातं.

छगन खंडागळे त्याच्याकडे तीस वर्षं होता. मूळचा नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरचा, आठवडाभर केडगावात खोली घेऊन राहायचा, रविवारी घरी जायचा. दोघं एकाच वयाचे, त्यामुळे एकमेकांना अरे-तुरे करणारे.

त्या महिन्यात खड्ड्यावर उभी होती ती छप्पन सालची विलायती मोटार. बेलापूरच्या गुगळे शेटजींची. बावीस वर्षं त्यांच्या भुसाराच्या गोदामात पोत्यांमागं पडून होती. शेटजींना ज्या रविवारी ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती, त्या रविवारी आपल्या गाडीतून एकदा नेवाशाला जायचं त्यांच्या मनात होतं. त्यांची मुलगी सुकन्या पुण्याहून दर दोन दिवसांनी फोन करून विचारायची, होईल ना? सूर्यभान होईल म्हणायचा. इंजिन झालं होतं, ब्रेक झाले होते, रंग होत आला होता. राहिले होते फक्त मागच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे कमानपाटे. हातात बारा दिवस होते.

२

कमानपाट्याचं पुढचं टोक ज्या ब्रॅकेटमध्ये बसतं, ते ब्रॅकेट चासीच्या एका पोकळ बीमला चार बोल्टांनी धरलेलं असतं. बीम मागच्या सीटखालून जातो. बोल्टांची डोकी त्या बीमच्या आत, कारखान्यातच वेल्डिंग करून बंद केलेल्या जागेत. खाली बाहेर येतो तो फक्त आट्यांचा भाग, त्यावर नट. आत हात जायचा प्रश्नच नाही. पाणी निघून जावं म्हणून करंगळीएवढं एक भोक ठेवलेलं, तेवढंच.

डाव्या बाजूचे पहिले तीन नट जसे निघायला हवेत तसेच निघाले, म्हणजे निघता निघेनात. दोन दिवस रॉकेल सोडलं, गॅसची ज्योत दिली, हातोडीनं ठोकलं. पाना सटकून सूर्यभानच्या उजव्या हाताची दोन पेरं सोलली. गंजाचा चुरा डोळ्यांत गेला. अशा वेळी तो शिव्या द्यायचा, आणि छगन वरून रॉकेलची बाटली पुढं करत मुकाट ऐकायचा.

चौथा नट त्यानं चिमटीत धरला आणि तो फिरला.

सूर्यभानला बरं वाटायला हवं होतं. उलट तो चिडला. त्यानं नट काढून हातावर घेतला. बाकीच्या तिघांवर पापडासारखा गंज होता. याच्यावर नखाएवढासुद्धा नव्हता. बोल्टाचे आटे ताज्या तेलातून काढल्यासारखे स्वच्छ. बावीस वर्षं एकाच गोदामात, एकाच ओलीत, चार बोटांच्या अंतरावर.

छगन म्हणाला की मागं कधीतरी कुणी बदलला असेल. बदलणार कुठून, डोकं आत आहे, असं सूर्यभान म्हणाला. छगननं खांदे उडवले. एक काम सोपं झालं तर त्याचा राग कशाला, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

३

नवे पाटे चढले. चारही ठिकाणी नवे नट, आत नायलॉनचं कडं असलेले, धक्क्यानं ढिले न होणारे. प्रत्येक नटावरून ब्रॅकेटपर्यंत छगननं पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लगेच दिसतं.

सूर्यभाननं गाडी बायपासपर्यंत नेली. जाताना सगळं ठीक. येताना मागं डावीकडून आवाज आला. कर्र, आणि मग खट्. पुन्हा कर्र, खट्.

खड्ड्यात उतरून पाहिलं तर चारही रेघा जागच्या जागी. पण चौथ्यावर पाना लावला तर तो पुरता एक फेरा ढिला निघाला. सूर्यभाननं घट्ट केला, रेघ पुसली, नवी ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी जागची हललेली नसताना, रेघ अखंड आणि नट एक फेरा ढिला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

त्यानं नट बदलला. वायसर बदललं. नट मागं फिरू नये म्हणून खाली दुसरा चेकनट आवळला. आटे मोजले, पट्टी लावून बघितले. आपल्याच मनगटात जोर राहिला नाही की काय म्हणून एका ट्रकवाल्याच्या चाकाचे नट आवळून पाहिले, ते सुटता सुटेनात. सुकन्याचा फोन आला की तो आता बाहेर रस्त्यावर जाऊन बोलायचा. होईल म्हणायचा, आणि आत येऊन पाना फेकायचा.

रेघ न तुटता नट सुटतो याला त्याच्या बुद्धीला एकच उत्तर सापडलं. कुणीतरी नट ढिला करतंय आणि वर नवी रेघ ओढतंय. गॅरेजच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या. पिवळ्या रंगाचा डबा छगनच्या फळीवर असायचा. आणि पहिल्या दिवसापासून छगन म्हणत होता, बीम कापू, आत बघू, पुन्हा वेल्डिंग मारू. सूर्यभान नाही म्हणाला होता. साठ-सत्तर वर्षांची अखंड चासी कापायची त्याला जिवावर आली होती. तेव्हा हा छगनचा हट्ट आहे, असं त्यानं ठरवून टाकलं. आणि चहा पिताना बोलून गेला.

छगननं कप खाली ठेवला.

"तीस वर्सं झाली, सूर्यभान," तो म्हणाला. "मी ढिला ठेवलेला येक नट दाखव. येकच."

दाखवण्यासारखा एकही नव्हता, आणि तेच सूर्यभानला त्या वेळी सहन होत नव्हतं. छगननं किल्ली फळीवर ठेवली, हात धुतले आणि निघून गेला.

४

त्या संध्याकाळी सूर्यभाननं शटरला दोन कुलुपं लावली आणि चारही किल्ल्या स्वतःच्या खिशात घेतल्या. त्याआधी खड्ड्यात उतरून त्यानं आणखी दोन कामं केली होती. चौथ्या नटाला बारीक भोक पाडून त्यातून तार ओवली आणि ब्रॅकेटला पीळ देऊन बांधली, म्हणजे नट फिरायचा झाला तर तार तुटल्याशिवाय फिरणार नाही. आणि पिवळी रेघ या वेळी नटापाशी न थांबवता खाली डोकावणाऱ्या बोल्टाच्या टोकावरही ओढली. हे तो सवयीनं कधी करत नसे. त्या दिवशी रागानं केलं.

सकाळी तार जशीच्या तशी. पीळसुद्धा त्याच्याच हाताचा, डावीकडून उजवीकडे. नटावरची रेघ आणि ब्रॅकेटवरची रेघ सलग. पण बोल्टाच्या टोकावरचा पिवळा ठिपका तिथं नव्हता. तो पलीकडच्या बाजूला गेला होता.

सूर्यभान खड्ड्यात उभा राहून त्या ठिपक्याकडे बघत राहिला. रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, शेजारी कुणीतरी पत्रा कापत होतं. नट कधी फिरलाच नव्हता. एवढे दिवस तो नटाला धरून बसला होता, आणि फिरत होता बोल्ट. बोल्ट फिरवायचा तर त्याच्या डोक्याला धरावं लागतं. आणि डोकं आत होतं.

पहिली आठवण त्याला छगनची झाली. त्यानं फोन लावला. छगननं उचलला नाही.

५

शेजारी एसी दुरुस्त करणारा हर्षल वाकळे होता. पस्तिशीचा, समजूतदार माणूस. त्याच्याकडे मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा होता, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वायरच्या टोकाला भिंग आणि दिवा. सूर्यभाननं त्याला काही सांगितलं नाही; आत गंज किती आहे ते बघायचंय, एवढंच म्हणाला.

दोघं खड्ड्यात उतरले. हर्षलनं वायर पाण्याच्या भोकातून आत सरकवली आणि मोबाईल दोघांना दिसेल असा धरला.

आधी नुसता तांबूस धूर दिसला. मग भिंग स्थिरावलं. बीमच्या आत गंजाचे थरच्या थर लोंबत होते. पहिल्या बोल्टाचं डोकं त्या थरात ओळखूसुद्धा येत नव्हतं. दुसरं, तिसरं तसंच. हर्षल म्हणाला, काका, हा बीम काही खरा नाही.

मग वायर चौथ्यापाशी गेली आणि पडदा एकदम उजळला. दिव्याचा उजेड परत फिरून डोळ्यांत आला. बोल्टाचं डोकं चकचकीत होतं. त्याच्या भोवतीचा पत्राही, वीतभर, सगळीकडून. रंग नाही, तेल नाही, गंजाचा कण नाही. ब्रशानं घासलेल्या पत्र्यावर ओरखडे राहतात. इथं एक ओरखडा नव्हता. गावच्या हातपंपाचा दांडा जसा वर्षानुवर्षं हात लागून लागून गुळगुळीत होतो, तसा तो पत्रा गुळगुळीत झाला होता.

हर्षलनं विचार करून सांगितलं की उंदीर असेल, घूस असेल, ये-जा करून अंग घासत असेल. सूर्यभाननं त्याला भोकावर बोट ठेवायला सांगितलं. करंगळी जेमतेम गेली. हर्षलनं ती चटकन बाहेर काढली आणि पुसली. मग दुकानात कुणी आलंय वाटतं म्हणून वर चढून गेला. त्याच्या दुकानासमोर कुणीही आलेलं नव्हतं.

६

बीम कापायचा, असं सूर्यभाननं ठरवलं. खडूनं खूणही केली. पण शुक्रवार उजाडला होता, आणि सुकन्यानं फोनवर स्पष्ट सांगितलं की कापाकापी नको, बाबांना गाडी आहे तशी हवी आहे. होईल म्हणून तुम्ही सांगितलंत काका, असंही ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे त्याला ते जास्त लागलं.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास वीज गेली. पंखा थांबला. शटर अर्धं वर होतं, बाहेर ऊन रणरणत होतं. गाडीची मागची सीट काढून बाजूला ठेवली होती. आतल्या तळाच्या पत्र्याला आदल्या दिवशी लावलेला काळा रंग अजून चिकट होता.

सूर्यभान खड्ड्यात एकटा होता आणि आता आणखी एक कटकट सुरू झाली होती. बोल्ट आत नुसताच फिरायला लागला होता. नट आवळावा तर त्याच्याबरोबर बोल्टही फिरे, म्हणजे घट्ट काही होईना. टोकाला पक्कड लावली, ती घसरली. पहार तटवली, ती कपाळावर येता येता राहिली. अर्धा फेरा, सटक. अर्धा फेरा, सटक. घाम डोळ्यांत, सोललेल्या पेरांवर रॉकेल, वर हजार किलोची मोटार आणि उद्या सकाळी दहाला दारात माणसं. असल्या कामाला दोघं लागतात. एक खालून नट फिरवणारा, एक वरून डोकं धरणारा. तीस वर्षं तो खालून बोलत आला होता आणि छगन वरून धरत आला होता.

"धर की रे नीट," तो वैतागून म्हणाला.

बोल्ट थांबला.

त्यानं पाना ओढला. नट फिरला, बोल्ट नाही. तो अजून वैतागातच होता, त्यामुळे हात थांबले नाहीत. दोन फेरे, तीन, चार. पाचव्याला पाना जड झाला. वर धरणारा चांगला असला की पान्याला जो एक भक्कम विरोध जाणवतो, न हलणारा पण जिवंत, तो त्याला मनगटात जाणवला. असा नट आठ-दहा दिवसांत बसला नव्हता.

"छगन, कवा आलास?" त्यानं विचारलं.

उत्तर आलं नाही. राग गेला नसेल म्हणून सूर्यभान हात पुसत वर चढला. बरं वाटत होतं त्याला. काय बोलायचं तेही त्यानं तीन पायऱ्या चढता चढता ठरवलं होतं.

गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. गाडीची चारही दारं बंद होती. त्यानं आत डोकावून पाहिलं. काळा रंग सलग होता, त्यावर हाताची, गुडघ्याची, कशाचीही खूण नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. छगन होता. तुझे चार मिस्ड कॉल बघून बेलापूरहून निघालो होतो, म्हणाला.

"केडगावच्या स्टॉपवर उतरलोय आत्ता. धा मिन्टात येतो."

७

छगन आला तेव्हा सूर्यभान रस्त्यावर उन्हात उभा होता. माझं चुकलं, असं तो म्हणाला. छगन म्हणाला, ते असू दे, काय झालंय ते सांग. सूर्यभाननं सगळं सांगितलं. छगन हसला नाही. खाली उतरून त्यानं पाना लावला, अंगाचा सगळा भार टाकला. नट तसूभर हलला नाही.

"हे तू येकट्यानं केलं न्हाई," तो म्हणाला. "आता याला पाना लावू नको. बसलाय तर बसू दे."

त्यांनी गाडी बाहेर काढली आणि अंधार पडायच्या आत दोनदा खराब रस्त्यावरून पळवली. खड्ड्यांतून घातली, कच्च्यात घातली. कर्र नाही, खट् नाही. गाडी देऊ नये असं सूर्यभानला आतून वाटत होतं. पण काय सांगून अडवणार? नट फार घट्ट बसलाय म्हणून?

रविवारी दहाला शेटजी, सुकन्या आणि तिचे यजमान दुसऱ्या गाडीतून आले. शेटजींनी छप्पनच्या मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि काही वेळ तसेच उभे राहिले. सूर्यभान त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला की पाटे नवे आहेत, आज मागं कुणी बसू नका, वेग चाळीसच्या वर नेऊ नका. कारण शेटजींनी विचारलं नाही. ते पुढं बसले, सुकन्यानं चाक हातात घेतलं. मागची सीट रिकामी राहिली. गाडीच्या लगेच मागं मोटारसायकलवर सूर्यभान आणि छगन, आणि त्यांच्यामागं आपली गाडी घेऊन यजमान. वाटेत काही झालंच तर आपण असावं म्हणून.

साठ किलोमीटर सूर्यभाननं त्या डाव्या मागच्या चाकावरची नजर काढली नाही. काही झालं नाही.

नेवाशाला प्रवरेच्या काठी गाडी उभी राहिली. शेटजी मुलीचा हात धरून घाटाकडे गेले, यजमान फोटो काढत त्यांच्यामागं. गाडी रिकामी, इंजिन बंद. सूर्यभान आणि छगन वीस पावलांवर लिंबाच्या सावलीत उभे होते.

गाडी डावीकडे कलली होती. फार नाही, दोन बोटं. मागं डाव्या अंगाला माणूस बसला की गाडी बसते, तेवढी. जमीन सपाट होती. सूर्यभाननं छगनकडे पाहिलं. छगनही तिकडेच बघत होता.

मग पाट्यांची पानं एकमेकांवर सरकल्याचा तो लांब, कोरडा आवाज आला आणि गाडीचा डावा कोपरा सावकाश वर उचलला गेला. कुणीतरी वजन काढून घेतल्यासारखा. दार उघडलं नाही. आता गाडी सरळ उभी होती.

"पाटा बसला आसंल," छगन म्हणाला. नवे पाटे बसतात, हे खरंच आहे. पण ते खाली बसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

८

शेटजी खूश होते. आता बेलापूरला घरी जेवण होतं. छगनचंही घर तिथंच, म्हणून तो यजमानांच्या गाडीत बसला. सूर्यभानलाही आग्रह झाला. त्यानं हात जोडले आणि एकटाच नगरकडे निघाला.

दुपारचे दोन वाजले होते. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची रानं. काम संपलं होतं. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यात तो बोल्ट नव्हता.

घोडेगावच्या अलीकडच्या गतिरोधकावरून मोटारसायकल गेली आणि मागचा शॉकॲब्सॉर्बर तळापर्यंत दबून खट् वाजला.

सूर्यभानचा कान त्या आवाजात म्हातारा झाला होता. एकटा माणूस असताना ही गाडी असा आवाज करत नाही. सकाळी छगन मागं होता तेव्हा ती प्रत्येक गतिरोधकावर असाच करत होती. हवा कमी असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. रस्त्याच्या कडेला थांबला, उतरला, मागचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं. टायर दगडासारखं टणक होतं. चिडून त्यानं टायरला एक लाथ घातली. मग पुन्हा बसला आणि निघाला. आरशात त्यानं पाहिलं नाही. आरसा जरा आत वळवला असता तर मागची सीट दिसली असती; तो त्यानं वळवला नाही.

गाव लागलं. पुढं दुसरा गतिरोधक दिसला, पांढऱ्या पट्ट्यांचा, उंच. दुकानं उघडी होती, लोक चहा पीत होते. सूर्यभाननं वेग कमी केला. आणि पुढचं चाक चढायच्या जरासं आधी, मागं बसलेला माणूस धक्क्याच्या तयारीनं धरतो तसा, त्याचा डावा खांदा मागून कुणीतरी घट्ट धरला.